रोनी साइझचा 'न्यू फॉर्म्स': बासला जागा देणारा अल्बम

ब्रिटिश संगीतनिर्माता रोनी साइझ आणि त्याच्या 'रेप्राझेंट' या गटाचा 'न्यू फॉर्म्स' ऐकायचा असेल, तर कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. या अल्बममधलं 'ब्राउन पेपर बॅग' हे गाणं ज्या डबल बासवर (व्हायोलिनसारखं दिसणारं, माणसाएवढं उभं वाद्य) उभं आहे, त्या वाद्याची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते. फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. वरचे स्वरांश ऐकू येतात म्हणून सूर कोणता ते कळतं, पण त्याचं वजन कळत नाही. आणि वजन गेलं की वरचा घाईघाईचा खडखडाट तेवढा उरतो. मग माणूस म्हणतो, "हे सगळं एकसारखंच वाजतंय." या अल्बमचा प्रकार म्हणजे ड्रम अँड बेस, वेगवान ड्रम्स आणि खोल बासवर चालणारं ब्रिटिश यंत्रसंगीत. त्याबद्दलची ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की शेवटी लिहायलाच बसले.

मी पुण्यात लाइव्ह साउंड करते. नाटकं, ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, मधूनमधून शास्त्रीय मैफली. माझ्या कामातला मोठा भाग म्हणजे खालच्या आवाजांना जागा करून देणं. डग्गा, ढोलकीची धुम, कीबोर्डवरचा बास आणि निवेदकाच्या आवाजाची छाती, हे सगळे एकाच पट्ट्यात येऊन भांडतात. प्रत्येकाचं थोडंथोडं कापल्याशिवाय कोणाचंच नीट ऐकू येत नाही. 'न्यू फॉर्म्स' मी याच कानाने ऐकते, आणि अशा कानाने ऐकल्यावर तो मला खालच्या सुरांच्या मांडणीचा सर्वांत चांगला पाठ वाटतो. नव्या मुलांना मिक्सिंग शिकवताना मी तो आवर्जून लावते.

अल्बम 1997 च्या जूनमध्ये आला. जिल्स पीटरसनच्या 'टॉकिन लाउड' या लेबलने काढला, दोन सीडींचा. त्याच वर्षी त्याला मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक, मिळालं. स्पर्धेत कोण होतं ते पाहा: रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर', प्रॉडिजीचा 'द फॅट ऑफ द लँड', शिवाय स्पाइस गर्ल्स. अशा यादीतून ब्रिस्टलच्या पोरांचा हा लांबलचक, बराचसा शब्दांविना चालणारा अल्बम निवडला गेला, याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं होतं. 'ओके कॉम्प्युटर'च्या चाहत्यांची नाराजी मला समजते, तो अल्बम मलाही प्रिय आहे. पण निवड चुकली असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक दुवा इथेच सांगते: दोनच वर्षांनी, 1999 मध्ये, हेच पारितोषिक तबलावादक तल्विन सिंगच्या 'ओके' या अल्बमला मिळालं. त्याचा 'अनोखा' हा क्लब लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या 'ब्लू नोट'मध्ये सोमवारी भरायचा, आणि त्याच जागेत रविवारी ड्रम अँड बेसवाल्या गोल्डीच्या 'मेटलहेड्झ'च्या रात्री व्हायच्या. तबला आणि ब्रेकबीट (जुन्या ध्वनिमुद्रिकांतून कापून घेतलेला ड्रम्सचा ठेका) एकाच छताखाली, एका रात्रीच्या अंतराने वाजत होते.

आता लयीबद्दल. ड्रम अँड बेसची गती मिनिटाला साधारण 170 मात्रांची. पहिल्यांदा ऐकणारा या आकड्याच्या मागे धावतो आणि दमतो. खरी गंमत अशी की ढोल, म्हणजे ड्रम्स, 170 ने पळत असताना बास बहुतेक वेळा 85 ने चालतो. एकदा नगरहून परत येताना गाडीत मी हा अल्बम लावला होता. शेजारी आमचे ढोलकीवाले अण्णा. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "अगं, हा सम कुठे धरतोय तेच कळेना." मी म्हटलं, "अण्णा, वरच्याकडे लक्ष नका देऊ. खालचा धरा." त्यांनी डोळे मिटले, मांडीवर संथ टाळी धरली आणि एका आवर्तनात सापडलं त्यांना. "म्हणजे मूळ चाल संथच आहे की! वरचा नुसता दुगुन करतोय." एवढं कळलं की पुढचं सगळं उलगडतं. मान संथ लयीत हलवायची आणि कान वर ठेवायचा.

वरचं काय चाललेलं असतं तेही जवळून बघण्यासारखं आहे. चार मात्रांचा एक घास घ्या. पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दुसरीवर स्नेअर (काठीने वाजवायचा, कडक आवाजाचा छोटा ड्रम), तिसरीवर काहीच नाही, तिसरीनंतर अर्ध्या मात्रेने किक, मग चौथीवर स्नेअर. सगळी ओढ त्या तिसऱ्या मात्रेच्या रिकाम्या जागेत आहे. तिथे पाऊल पडेल असं वाटतं आणि पडत नाही. भोवती स्नेअरचे हलके, जवळजवळ न ऐकू येणारे आघात पेरलेले असतात. तबल्यात बोटं नुसती शाईवर विसावतात तेव्हाही एक आवाज होतो आणि तो ठेक्याला भरीवपणा देतो. हे त्याच जातीचं आहे. हे आघात काढून टाकले तर ठेका तोच राहतो, पण यांत्रिक होतो.

हे आघात आले कुठून? माणसाच्या हातातून. या साऱ्या संगीताच्या मुळाशी 1969 सालच्या एका ध्वनिमुद्रिकेतला जेमतेम सात सेकंदांचा ढोलाचा तुकडा आहे. विन्स्टन्स नावाच्या अमेरिकी गटाचं 'आमेन, ब्रदर' हे गाणं, आणि ढोलावर ग्रेगरी कोलमन. चार आवर्तनं तो एकटा वाजवतो, बाकीचे गप्प. वीस-पंचवीस वर्षांनी ब्रिटनमधल्या पोरांनी तो तुकडा सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, घेतला, एकेक आघात सुटा कापला, प्रत्येक आघात कीबोर्डच्या एकेका पट्टीवर ठेवला आणि नवा क्रम लावून पुन्हा वाजवला. सॅम्पलरमध्ये वेग वाढवला की सूरही चढतो, त्यामुळे स्नेअर अधिक टोकदार झाली. हजारो ध्वनिमुद्रिका या एका तुकड्यावर उभ्या राहिल्या. कोलमनला त्यातला एक पैसाही मिळाला नाही, आणि 2006 मध्ये तो गरिबीतच गेला. हे मला फार लागतं. वादकाच्या हाताची किंमत काय असते ते मी रोज रंगमंचाच्या बाजूला उभी राहून पाहते.

रोनी साइझचं वेगळेपण मला इथेच दिसतं. यंत्रात शिरलेला माणसाचा हात त्याने परत बाहेर काढला. 'न्यू फॉर्म्स'साठी त्याने प्रत्यक्ष वादक घेतले: ढोलावर क्लाइव्ह डीमर, बासवर साय जॉन. डीमर हा साधा वादक नव्हे. पोर्टिसहेड या गटाबरोबर त्याने वाजवलं होतं, आणि पुढे 2011 पासून रेडिओहेड कार्यक्रमांना दुसरा ढोलवादक म्हणून त्यालाच बरोबर नेऊ लागले. कापून जोडलेला, माणसाला वाजवता येणार नाही असं वाटणारा ठेका या माणसाने काठ्या हातात घेऊन, 170 च्या गतीत, रंगमंचावर बसून वाजवला. रेप्राझेंटच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांची जुनी चित्रणं पाहा. त्याच्या उजव्या हाताकडे बघा. मनगट जवळजवळ स्थिर, बोटांनीच काठी उसळते. स्नेअरवरचे ते हलके आघात तो डाव्या हाताने पेरत जातो आणि चेहऱ्यावर कुठेही धावपळ नाही. एका ढोलवादकाचे तुकडे करून यंत्राने जे घडवलं, ते दुसरा ढोलवादक यंत्राकडून शिकून पुन्हा अंगात आणतो. मला हे फार मोठं काम वाटतं.

रोनी साइझचं खरं नाव रायन विल्यम्स. जन्म ब्रिस्टलचा, 1969 चा, आईवडील जमैकाहून आलेले. ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात कॅरिबियन वस्ती मोठी. तिथला कार्निव्हल 1968 पासून भरतो आणि त्यात रस्त्यावर साउंड सिस्टिम लागतात. घरी बांधलेले कपाटाएवढे बासचे डबे, एक माणूस रेकॉर्ड लावणारा आणि एक माइकवर. ही जमैकाची परंपरा. तिथेच किंग टबीसारख्या तंत्रज्ञांनी 'डब' घडवलं, म्हणजे तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचा, गिटार काढायची, मागे ढोल आणि बास ठेवायचे, आणि काढलेल्या गोष्टींचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत भिजवून मधेच सोडायचा. मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, खाली ओढणं हीच रचना. याच ब्रिस्टलमधून मॅसिव्ह अटॅक आले, ट्रिकी आला, पोर्टिसहेड आले. सगळ्यांच्या संगीतात ही मोकळी जागा दिसते.

शाळेतून काढून टाकलेला हा मुलगा 'बेसमेंट प्रोजेक्ट' नावाच्या तरुणांसाठीच्या केंद्रात यंत्रं हाताळायला शिकला. मर्क्युरीची रक्कम त्याने त्याच केंद्राला दिली. त्याचे जोडीदारही ब्रिस्टलचेच: क्रस्ट, डाय, सव्ह. 'फुल सायकल' हे लेबल त्यांनीच चालवलं. त्याआधी लंडनच्या ब्रायन गी आणि जंपिन जॅक फ्रॉस्ट या दोघांनी मुख्यतः या ब्रिस्टलकरांचं संगीत काढायला 'व्ही रेकॉर्डिंग्ज' सुरू केलं होतं. म्हणजे 1997 चा अल्बम आकाशातून पडला नाही. मागे कित्येक वर्षांच्या बारा इंची ध्वनिमुद्रिका होत्या आणि डबप्लेट्स होत्या. डबप्लेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ थर, त्यावर कोरलेली एकच प्रत. थोडे दिवस वाजली की झिजते. लंडनच्या म्युझिक हाउसमध्ये निर्माते ताजं काम घेऊन यायचे, तबकडी कापून घ्यायचे आणि रात्री क्लबमध्ये वाजवून बघायचे. खालचा सूर गढूळ वाटला तर पुन्हा स्टुडिओत. माझ्या मते या अल्बमचा बास इतका स्वच्छ असण्याचं हे एक मोठं कारण आहे. मोठ्या यंत्रणेवर, गर्दीसमोर पुन्हा पुन्हा तपासून घेण्याची सवय या लोकांच्या अंगात मुरलेली होती.

आता 'ब्राउन पेपर बॅग'. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

सुरुवातीला ढोल नाहीत. मागे एक विरळ पडदा आणि त्यावर डबल बासचे सुटे तुकडे. बोट तारेवरून सरकतं तेव्हाची घसट ऐकू येते, लाकूड ऐकू येतं. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर कसा वर ओढला जातो, तशी ती ओढ आहे. आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. मग ढोल येतात, आणि आल्या आल्या काय घडतं ते ऐका: ढोल सगळे वरच्या पट्ट्यात आहेत. किक आहे, पण ती आखूड, कोरडी, क्षणात संपणारी. तिने खालची जागा अडवलेलीच नाही. खालचा मजला पूर्णपणे बासच्या हवाली केला आहे. म्हणून बास गाऊ शकतो. पुढे त्याला उत्तर म्हणून दुसरा, यंत्रातून पिळून काढलेला खरखरीत बास येतो. लाकूड एक ओळ बोलतं, यंत्र त्याला जबाब देतं. दोघं एकाच वेळी फारसे बोलत नाहीत. हा शिस्तीचा भाग आहे. आमच्याकडे ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हाताने बास धरतो, बास गिटारवालाही तेच धरतो, वर ऑक्टोपॅडची किक लांबलेली असते, आणि मग माझ्याकडे निरोप येतो की "मॅडम, बास वाढवा." तो वाढवून उपयोग नसतो. तिघांपैकी दोघांनी गप्प बसावं लागतं.

अल्बमवर हे गाणं नऊ मिनिटांच्या आसपास चालतं. रेडिओसाठीची छोटी, गायलेली आवृत्ती वेगळी आहे. लांबच ऐका. छोट्या आवृत्तीत ओळख करून द्यायलाच वेळ मिळत नाही.

बासबद्दल बोलतेच आहे तर मनातलं बोलून टाकते. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लागतात आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची बासशी ओळख तिथेच होते. छाती हादरते, खिडक्या वाजतात, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. त्यातून बास म्हणजे त्रास अशी समजूत होते, आणि ती लोकांच्या बाजूने रास्तच आहे. पण त्या भिंतीत बासला सूर नसतो आणि थांबणं नसतं. एकच धडधड, सतत, मर्यादेबाहेर. रेप्राझेंटचा बास माफक आवाजात लावला तरी पोचतो, कारण तो येतो, जातो, सूर बदलतो, मधे श्वास घेतो. खालच्या सुरातही नाजूकपणा असतो हे कोणाला दाखवायचं असेल तर मी याच अल्बमचं नाव सांगते.

गाण्यांकडे वळू. ओनाली ही या गटाची गायिका. 'शेअर द फॉल', 'हीरोज' आणि 'वॉचिंग विंडोज' ही तीन गाणी तिच्या आवाजासाठी ऐकावीत. 'शेअर द फॉल'मध्ये ती ढोलांच्या गतीशी अजिबात स्पर्धा करत नाही. बासच्या संथ लयीत, लांब स्वर घेत गाते आणि खालून सगळं पळत असतं. धावत्या गाडीत शांत बसलेल्या माणसासारखा तिचा स्वर स्थिर राहतो. 'वॉचिंग विंडोज' जरा काळोखं, मला तिन्हींत सर्वांत आवडतं. 'हीरोज' गोड आहे. लवकर आवडतं आणि लवकर पुरे होतं.

माइकवर लयीत बोलणारा एमसी डायनामाइट हा दुसरा आवाज. अल्बम त्याच्या 'रेलिंग'नेच उघडतो. त्याचं काम गाण्यापेक्षा लयीशी बोलण्याचं. शब्द सगळे कळले नाहीत तरी अडत नाही, व्यंजनं कुठे पडतात ते ऐका. आणि शीर्षकगीतात फिलाडेल्फियाची रॅपर बहामाडिया आहे. तिचा थंडपणा मला थक्क करतो. एवढ्या गतीवर बहुतेक जण ओरडतात. ती खालच्या पट्टीत, जवळजवळ कानात सांगितल्यासारखी बोलत राहते. ढोलांतून मधली घनता काढून घेऊन रोनीने तिच्यासाठी जागा केली आहे, ती हेडफोनवर स्पष्ट दिसते.

म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: जागा. रोनी साइझची निर्माता म्हणून सर्वांत मोठी ताकद मला यात वाटते की त्याच्या अल्बमवर तो एकटा नाही. क्रस्ट, डाय, सव्ह यांच्या शैली वेगवेगळ्या आहेत. क्रस्टचा हात ताणलेला, भयाकडे झुकणारा, डायचा अधिक लवचीक. या सगळ्यांना एका नावाखाली आणून, शिवाय गायिका, एमसी, ढोलवादक, बासवादक यांना घेऊन कार्यक्रम करणं, आणि तरी तो गोंधळ होऊ न देणं हे एकट्याने खोलीत बसून सॅम्पलर चालवण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. आपल्याकडे संगीत संयोजक जे करतो त्याच्या ते जवळ जातं. त्याच काळात इप्सविचचा फोटेक (रुपर्ट पार्क्स) हा एकट्याने बसून ढोलाचा एकेक आघात हिऱ्यासारखा पैलू पाडून लावत होता. त्याचा 'मोडस ऑपेरंडी'ही 1997 चाच. तो ऐकताना मी थक्क होते, पण त्याच्या खोलीत दुसऱ्याला बसायला खुर्ची नाही. आणि गोल्डीचा 'टाइमलेस' (1995) भव्य आहे. त्याचं शीर्षकगीत एकवीस मिनिटांचं, त्यात डायन शार्लमेनचा आवाज, तंतुवाद्यांचे थर. तो भावनेने भारावून टाकतो. 'न्यू फॉर्म्स' भारावत नाही, तो चालायला लावतो. मला रोज ऐकायला हाच लागतो.

दोष सांगायलाच हवेत. अल्बम फार लांब आहे. दोन्ही सीडी सलग लावल्या तर दोन तासांहून जास्त वेळ जातो, आणि पहिल्या सीडीच्या उत्तरार्धात मला दम लागतो. 'डिजिटल' आणि 'मॅटर ऑफ फॅक्ट' क्लबमध्ये डीजेच्या हातात शोभतील. घरी ऐकताना त्यांची कल्पना पहिल्या काही मिनिटांत कळून चुकते आणि तरी ती संपत नाहीत. आणखी एक: शेअर द फॉल दोन्ही सीडींवर वेगवेगळ्या रूपांत आहे. अभ्यासकाला हे आवडेल, गायलेलं आणि न गायलेलं शेजारी ठेवून पाहता येतं. साध्या ऐकणाऱ्याला मात्र तेच पुन्हा आल्यासारखं वाटेल.

दुसरी सीडी वेगळ्या स्वभावाची आहे. इथे गाणं कमी, ठेका जास्त. 'हाय-पोटेंट'चा बास चांगल्या यंत्रणेवर लावला की जमिनीतून येतो. 'बॅले डान्स' मला फार प्रिय आहे. पहिल्या सीडीने कीर्ती मिळवली, पण निर्मात्याचं मन दुसरीवर जास्त मोकळं झालंय असं मला वाटतं. दोन्ही एका बैठकीत ऐकू नका, त्यात दुसरीवर अन्याय होतो.

त्याच्या पुढच्या कामाबद्दल थोडक्यात. 'ब्रेकबीट एरा' या नावाने 1999 मध्ये 'अल्ट्रा-ऑब्सीन' आला, लिओनी लॉजच्या आवाजासह. त्यात धार आहे. 2000 चा 'इन द मोड' ऐकताना मला हुरहुर वाटते. पाहुणे जबरदस्त, रॅपर झॅक डे ला रोचा आणि मेथड मॅन, तोंडाने ढोल वाजवणारा राहझेल. पण आवाज कठीण झाला, भरगच्च झाला. ज्या माणसाने रिकाम्या मात्रेची किंमत ओळखली होती त्याने ती भरून टाकली. 2008 मध्ये त्याने जुन्या अल्बमला हात घालून 'न्यू फॉर्म्स 2' केला. जुन्या गाण्यांना नवी ताकद देण्याचा हेतू कळतो, पण मूळची कोरडी किक जाऊन तिथे जाड किक आली की साय जॉनच्या बासचं लाकूड झाकलं जातं, आणि मग माझ्यासाठी त्यात फारसं उरत नाही. 2014 चा 'टेक कंट्रोल' मी पूर्ण ऐकला. परत परत जावंसं वाटलं नाही.

कुठली आवृत्ती घ्यावी? माझ्याकडची सीडी मावसभावाने लेस्टरहून आणली, जुनी, वापरलेली, आणि अजून छान वाजते. स्ट्रीमिंगवर ऐकलं तरी चालेल, पण ॲपमधला 'बास बूस्ट' बंद करा आणि आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा ठेवा. त्या माणसाने जितका बास हवा तितकाच ठेवला आहे, त्यात आपण ओतायची गरज नाही. घरी स्पीकर असतील तर ते कोपऱ्यातून बाहेर काढा. 41 हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षाही मोठी. ती भिंतींवर आपटून परत येते आणि कोपऱ्यात साचते, मग एखादा सूर विनाकारण फुगतो आणि शेजारचा गायब होतो. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन वीत पुढे ओढले तरी फरक कळेल. बसण्याची जागाही खोलीच्या अगदी मध्यावर नको, थोडी पुढे-मागे सरकून बघा. हे काहीच शक्य नसेल तर कानावर नीट बसणारे साधे वायरचे हेडफोन उत्तम.

क्रम असा धरा: आधी 'ब्राउन पेपर बॅग', मग 'शेअर द फॉल', मग 'वॉचिंग विंडोज', मग शीर्षकगीत. ज्यांना गाण्यात आवाज आणि शब्द हवेच असतात त्यांनी इथे थांबलं तरी काही बिघडत नाही. तबला, ढोलकी, पखवाज, हलगी, संबळ यातलं काहीही वाजवत असाल तर मात्र दुसऱ्या सीडीपर्यंत जा, आणि डीमरचं एखादं चित्रण आवाज बंद करून, नुसते हात बघत, एकदा पाहा.